तळघर आधी

मिस्टर ऑर्टेगा, फोन ठेवू नका.
शिडीवर आहे, एक हात अडकलाय,
छपरावरून उतरतो, मग बोलू.

हं. बोला.
तुमच्याकडे तक्ता आहे म्हणता, चार शहरांचा:
टोलेडो, डेटन, फोर्ट वेन, पिओरिया.
भाडं भागिले किंमत, कर, लोकसंख्या,
आणि आकडा गोड असेल तिथे हिरवा रंग.
कुठलं घेऊ, विचारता.

मी घरं तपासतो. शहरं मला तपासता येत नाहीत.
छप्पर, भट्टी, नळ, तळघर,
एवढ्याचे मी पैसे घेतो.
पण पारा शून्याखाली गेलाय,
पुढचं घर दोन वाजता आहे,
गाडीत हीटर चालू आहे, तर सांगतो.

डेटनला माझा मेहुणा असतो. तो डेटनच म्हणेल.
फोर्ट वेनला मी एक म्हातारा पाहिला,
आपल्या दारातला बर्फ ओढता ओढता
शेजारणीच्या पायरीपर्यंत गेला, आणि मागे वळून न बघता आत शिरला.
हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसेल?
पिओरियात नदी सुंदर दिसते.
तेवढ्यासाठी कुणी घर घेऊ नये.
आणि टोलेडो. टोलेडोचं मी काय सांगू,
माझ्या बापाने इथे तेवीस वर्षं काच ओतली.
अजून चांगली खिडकी दिसली
की मी आरपार बघत नाही,
काचेकडेच बघत राहतो.

तुम्ही फोटो पाठवलेत ते पिवळं घर,
दोन मजली, चौऱ्याण्णव हजारांचं,
ते मी याआधीही तपासलंय.
फोटो जूनमधले आहेत.
जूनमध्ये कुठलंही घर घरच दिसतं.
घर बघावं फेब्रुवारीत, आणि खालून वर.

तळघरात उतरलात की उत्तरेच्या भिंतीवर
पेन्सिलीच्या रेघा दिसतील, प्रत्येकीपुढे तारीख.
पाणी कुठवर चढलं, त्याच्या.
अक्षर जेनोवेफा स्टाखुराबाईंचं.
शाळेच्या खानावळीत होत्या,
पिठाच्या पोत्यांचा हिशेब ठेवायची सवय.
सगळ्यात वरच्या रेघेपुढे तारीख नाही.
नुसतं लिहिलंय: पुरे.
त्या वर्षी त्यांनी पंप बसवला.
पंप अजून चालतो.
अहवालात मी लिहिलं, पंप चालू स्थितीत.
'पुरे' लिहायला तिथे जागा नव्हती.

आता तिथे लामॉन्ट गिब्स राहतो, दोन मुली घेऊन.
कारखान्यात रात्रपाळी, गाड्यांच्या दारांना रबर लावतो.
साडेआठशे भाडं देतो.
तुमचा तक्ता म्हणतो, अकराशे मिळतील.
मिळतील. तक्ता खोटं बोलत नाही.
पण अंगणातल्या मेपलची मुळं
सांडपाण्याच्या नळात शिरतात,
आणि दर वसंतात लामॉन्ट ती ओढून काढतो,
कुणाला बिल न पाठवता.
अकराशे झाले की लामॉन्ट जाईल.
मुळं राहतील.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
तुम्ही न बांधता, न बघता,
दोन हजार मैलांवरून बोटाने खाली सरकवत पाहता.
नावं ठेवत नाही, ऑर्टेगा.
माझी पेन्शनही अशाच कुठल्या घरांत गुंतली असणार,
फिनिक्सला की कुठे,
मी तरी कधी जाऊन खालून वर पाहिली?
तिकडे म्हणे तळघरंच नसतात.

अहवाल उद्या पाठवतो.
शहर तुमचं तुम्ही निवडा.
जमलं तर या मात्र, महिना संपायच्या आत,
आणि बूट चांगले आणा.
किल्ली माझ्याकडे नाही. दार लामॉन्ट उघडेल,
पण चारनंतर, तोवर तो झोपलेला असतो.
बेल दाबत बसू नका, ती वाजत नाही.
तेही अहवालात आहे,
किरकोळ दुरुस्त्यांत, सदतीस नंबरला.